योगिनीताईंची ओटी

टिटवाळ्याला आमच्या बिल्डिंगमध्ये योगिनीताईंचा विषय निघाला की बायका म्हणतात, "त्या नाही का, शाळेत जाऊन तसलं शिकवतात त्या." तसलं म्हणजे काय, ते कुणी तोंडाने म्हणत नाही. मी सांगते. लहान मुलांच्या अंगाला कुणी वाईट हेतूने हात लावला तर मुलांनी काय करायचं, कुणाला सांगायचं, हे त्या शिकवतात. कल्याणला एक लहानशी संस्था आहे, तिच्यातर्फे त्या शाळाशाळांत फिरतात. टिटवाळा, आंबिवली, डोंबिवली, कधी पार बाळकुमपर्यंत. बाळकुम त्यांचं माहेर. त्यांच्या लहानपणी तिथे घरापुढे अंगण होतं आणि मागे भाताची खाचरं होती. आता टॉवर झालेत, आणि माहेरचं कुणी राहिलेलं नाही. तरी तिकडची शाळा मिळाली की त्या जरा चांगली साडी नेसतात.

त्यांचे मिस्टर डोंबिवलीला एमआयडीसीत होते. एका रात्री झोपले ते उठलेच नाहीत. मूलबाळ नव्हतं. ताईंनी आधी तळमजल्यावर बालवाडी चालवली, मग या संस्थेचं प्रशिक्षण घेतलं. पाठीमागे बायका बोलायच्या, "स्वतःला एक नाही आणि दुसऱ्यांच्या पोरांना शहाणं करते." ताईंच्या कानावर जायचंच. त्या म्हणायच्या, "बरोबर आहे. स्वतःचं असतं तर दुसऱ्यांच्याकडे बघायला वेळ कुठला मिळाला असता?"

माझा नातू इथल्या शाळेत जातो. वर्गात एकदोन पालकांनी मागे बसावं असा ताईंचा आग्रह असतो, म्हणून मी एकदा गेलेले. घरी जे ऐकलं होतं त्यावरून मला धाकधूक होती. पण तसं काहीच नव्हतं. ताईंनी विचारलं, "नाक कुठंय?" पोरांनी नाकाला हात लावला. "कोपर?" पोरांनी कोपर दाखवलं. मग ज्या आवाजात कोपर म्हटलं, त्याच आवाजात त्यांनी झाकायच्या अवयवांची नावं घेतली. पोरं खिदळली. ताईंनी हसू दिलं.

"झालं हसून? अजून हसायचंय? हसा. मग मी पुढे बोलते."

हेडमास्तर दारात उभे होते. नंतर ते म्हणाले, "मॅडम, ते शब्द जरा गाळून नाही का होणार?"

"सर, तुमचा गुडघा दुखला तर डॉक्टरला काय सांगता? इकडे कुठेतरी दुखतंय?"

"गुडघ्याची गोष्ट वेगळी आहे हो."

"पोरांना वेगळी वाटत नाही. आपण वाटायला लावतो."

वर्गात एक मुलगी उठून म्हणाली, "ताई, माझी आजी पापा घेते. तिच्या तोंडाला मिश्रीचा वास येतो. मग तो चांगला पापा की वाईट?" सगळा वर्ग हसला. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी चांगली. पण तुला नको असेल तर तू नको म्हणू शकतेस. आजीलासुद्धा." तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलेलं. आजीला कुणी नको म्हणतं का?

शेवटी त्यांनी मुलांकडून म्हणून घेतलं. आधी आईला सांगायचं. आईने ऐकलं नाही तर आजीला, बाबांना, शाळेतल्या बाईंना. कुणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहायचं.

आणि एक नियम त्यांचा स्वतःसाठी होता, तो मुलांना सांगायचा नव्हता. मूल काही बोललं की त्याच दिवशी पोलिसांना किंवा मुलांच्या हेल्पलाइनला कळवायचं. घरच्यांशी चर्चा करत बसायचं नाही. घरी येताना मी त्यांना विचारलं होतं, "घरच्यांना आधी सांगायला नको का? शेवटी आईबाप आहेत." तर म्हणाल्या, "घरच्यांना विचारलं की घर आधी स्वतःला वाचवतं. पोराचा नंबर नंतर लागतो." हे वाक्य त्यांनी किती सहज म्हटलं होतं.

तो संक्रांतीचा आठवडा होता. चौथीतली संचिता त्याच वर्गात होती. ती आमच्याच मजल्यावरची. तिची आई प्राची, वडील सर्वेश, आजी आणि मोठे काका उत्तम, असं घर. सर्वेश टँकर चालवतो, चारचार दिवस गुजरातकडे असतो. उत्तमराव म्हणजे बिल्डिंगमधला देवमाणूस. लग्न केलेलं नाही. संकष्टीला चारपाच पोरं घेऊन गणपतीच्या देवळात जायचे, रांगेत उभं करायचे, अथर्वशीर्ष पाठ करून घ्यायचे. माझा नातूही जायचा. मी मनात म्हणायची, बरं आहे, कुणीतरी मुलांना देवाकडे नेतंय.

त्या रविवारी प्राचीकडे हळदीकुंकू होतं. ताईंनाही बोलावलेलं. आता आमच्याकडे विधवा बाईला बोलवायला कुणी ना म्हणत नाही. तिळगूळ देतात, फूल देतात, वाण देतात. फक्त हळदीकुंकवाची कोयरी त्यांच्यापाशी आली की पुढे जाते. कुणी काही बोलत नाही, ती आपोआप पुढे जाते. ताई अशा वेळी हातातल्या फुलाकडे बघत बसायच्या.

वाणाला प्लॅस्टिकचे डबे होते. पलीकडच्या विंगमधली मेघना म्हणाली, "प्राची, हे गेल्या वर्षीचंच वाण आहे गं. फक्त झाकणाचा रंग बदलला."

"मग गेल्या वर्षीचं झाकण आण, याला बसतं का बघू," प्राची म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

तेवढ्यात संचिता आतून आली. नवीन परकर-पोलकं घातलेलं. ती सरळ ताईंच्या समोर येऊन उभी राहिली. वर्गात उत्तर द्यायला उभी राहतात तशी, हात मागे.

"ताई, मी आईला सांगितलं. आजीला पण सांगितलं. त्या ऐकत नाहीत."

ताईंनी विचारलं, "काय सांगितलंस बाळा?"

"मोठे काका तसं करतात. तुम्ही सांगितलं ना शाळेत, तसं."

खोलीत दहाबारा बायका होतो. मग आजी उठल्या, त्यांनी पोरीच्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "काका अंगावर ओरडले ना काल, मोबाइल घेतला म्हणून, त्याचा राग आहे." मेघना म्हणाली, "शाळेत काय काय घालतात हो यांच्या डोक्यात." दुसरी म्हणाली, "टीव्ही." आम्ही सगळ्यांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि लवकर लवकर उठलो. प्राची कोयरी हातात धरून भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, ते मला दिसलं.

ताई उठल्या नाहीत. त्यांनी संचिताला जवळ घेतलं, तिच्या कानात म्हणाल्या, "छान सांगितलंस. मी ऐकलंय." पर्समधून फोन काढला. तेव्हा आजी आतल्या खोलीतून म्हणाल्या, "योगिनी, जरा आत ये."

आत काय झालं ते ताईंनी मला नंतर सांगितलं, कितीतरी वेळा, तेच तेच.

देवघरापुढे पाट मांडलेला होता. आजींनी त्यांना त्यावर बसवलं. काही न विचारता हळद लावली, कुंकू लावलं. मग तांदूळ, नारळ, खण घेतला आणि म्हणाल्या, "पदर पसर." ताईंनी पसरला. मिस्टर गेल्यापासून त्यांची ओटी कुणी भरली नव्हती. माहेर नाही, सासरचे कुणी विचारत नाहीत. तांदूळ पदरात पडले आणि त्यांना रडू आलं. आजीही रडत होत्या.

"लेक समजून ओटी भरली तुझी. आता तू या घरची. आमचं जे काय आहे ते पदरात घे. मी नाही म्हणत नाही, बघू ना आपण. पण सर्वेश परवा येतोय. तो कर्ता आहे, त्याच्या कानावर घालू, मग तुला काय करायचं ते कर. तोवर कुणाला बोलू नको. शब्द दे."

"आणि संचिता?"

"माझ्याजवळ झोपेल. मी काय मेलेय का?"

ताईंनी शब्द दिला.

ज्या बाईची आपल्याकडे ओटी भरतात, ती त्या घराचं वाईट चिंतत नाही. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, ते आईच्या दुधाबरोबर आलेलं असतं. कायदा, प्रशिक्षण, संस्थेचे नियम, सगळं ताईंना पाठ होतं. पण पदरात ओटी घेऊन त्या घराच्या उंबऱ्यावरून थेट पोलिसात जायचं, हे त्यांच्याने झालं नाही. त्या आपल्या खोलीत आल्या आणि कपाळावरचं कुंकू न पुसता झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राची पोरीला घेऊन मंडणगडला गेली, आपल्या आईकडे. शाळेत कळवलं, गावाला आजी आजारी आहे. दोन दिवसांनी ती एकटीच परत आली. ताईंनी जिन्यात गाठलं.

"संचिता कुठंय?"

"राहील तिकडेच. काल हे आले, तेपण हेच म्हणाले. वर्ष संपत आलंय, तिकडच्या शाळेत घालतोय. आता काही प्रश्नच नाही ना ताई. तिला तिथे सुखरूप ठेवलीय."

"आणि उत्तमराव?"

प्राचीच्या मागे दार उघडं होतं, उत्तमराव आतून हाक मारत होते. ताईंना बघून बाहेर आले. "ताई, त्या दिवशी माझ्या हातचा तिळगूळ राहिला तुमचा," म्हणाले आणि डबा पुढे केला.

ताई त्या पावली पोलीस ठाण्यात गेल्या. सोबत मी गेले. तिथली बाई ऑफिसर चांगली होती. सगळं लिहून घेतलं. फक्त एकदा विचारलं, "रविवारी मुलगी बोलली, मग आज का आलात? तुम्हाला तर माहीत आहे." ताई म्हणाल्या, "माझं चुकलं." कशामुळे चुकलं, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्या ऑफिसरला काय लिहिता आलं असतं?

उत्तमरावांना त्याच रात्री नेलं. बिल्डिंगमध्ये आरडाओरडा झाला. आजी ताईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "ओटी घेतलीस आणि घर जाळलंस माझं. तुला जन्मात सुख लाभणार नाही." ताई दारात हात जोडून उभ्या होत्या. त्या रात्री मी देवापुढे दिवा लावला, पण मागायचं काय ते मला सुचेना.

ओटीचा नारळ तसाच होता. तो आपण प्रसाद म्हणून घरात खातो, टाकत नाही. ताईंना तो फोडवेना आणि ठेववेना. शेवटी मी म्हटलं, काळू नदीत सोडून या. त्या गेल्या. आल्या त्या जिन्याच्या पायऱ्यांवरच बसल्या.

"मला बरं वाटलं होतं हो," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आजींनी कुंकू लावलं तेव्हा. पोर बाहेर उभी होती. मी ऐकलंय असं मी तिला सांगून आले होते. आणि आत पाटावर बसून मला बरं वाटत होतं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

पोलीस मंडणगडला गेले. वर्दीतल्या नव्हे, साध्या साडीतल्या बाई गेल्या, खाऊ घेऊन. सगळं नियमाने केलं. दोनदा गेल्या. संचिता म्हणाली, "काही झालं नाही. मी खोटं बोलले." पुढे तिचा जबाब न्यायाधीशांपुढे झाला, तिथेही तिने तेच सांगितलं. तिला कुणी धमकावलं, मारलं, असं काही नव्हतं. तिला फक्त एवढं दिसलं होतं की ती बोलली आणि तिचं घर सुटलं. शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, आई सुटली. आणि ती निघाली तेव्हा काका घरीच होते. नऊ वर्षांच्या मुलीला याचा अर्थ समजावून सांगायला कुणी लागत नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी, त्याच संध्याकाळी तिला कुणी विचारलं असतं तर ती सांगायला तयार होती. हात मागे घेऊन उभी होती. हे ताईंना कुणी विसरू देणार नाही, आणि कुणी विसरा म्हटलं तरी त्या विसरणार नाहीत.

संस्थेने त्यांना काढलं नाही. उलट समजावलं, पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं. आता त्या जातात शाळांमध्ये, पण घरी आल्या की गप्प असतात. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नाही. मी बोलते. उत्तमराव जामिनावर सुटले, बदलापूरला कुणा नातेवाइकाकडे राहतात. आजी अंथरुणाला खिळल्यात. आणि केस कल्याणच्या कोर्टात चालू आहे. चालू म्हणजे तारखा पडतात. ताईंची साक्ष व्हायची आहे, म्हणून त्या प्रत्येक तारखेला जातात. वकील म्हणतात, मुलगीच नाही म्हणते तर यात फार काही राहिलेलं नाही. ताई म्हणतात, माझं सांगायचं तरी राहायला नको.

मागच्या तारखेला मी त्यांच्याबरोबर गेलेले. कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो होतो. समोरच्या बाकावर प्राची एकटीच होती. सर्वेश टँकरवर असावा. इतक्या महिन्यांत तिने ताईंकडे पाहिलं नव्हतं. जिन्यात समोर आली तर भिंतीकडे तोंड करायची. त्या दिवशी ती उठली आणि आमच्या बाकावर येऊन बसली. ताईंच्या आणि तिच्यामध्ये तिने पर्स ठेवली.

मग म्हणाली, "ताई, ती माझ्याशी बोलत नाही."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं.

"जेवलीस का, हो. अभ्यास केलास का, हो. मग फोन माझ्या आईकडे देते. मे महिन्यात गेलेले मी, तर रात्री माझ्याजवळ झोपली नाही. आईजवळ झोपली."

"हं."

"तुम्ही शाळेत मुलांना विचारता ना, ते कसं विचारता? मला सांगा. मी विचारते तिला."

"काही विचारू नका," ताई म्हणाल्या. "तिने न विचारता सांगितलं होतं."

प्राचीने मान खाली घातली. शेजारून एक वकील फाइल घेऊन गेला, शिपाई कुणाचंतरी नाव पुकारत होता. तिने कान दिला, आपलं नाही म्हटल्यावर पुन्हा वळली.

"मग काय करू मी?"

"तिला म्हणा, तू सांगितलंस ते खरं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी होती, तुझी नाही."

"असं आईने म्हणायचं?"

"हो."

"आणि तिने काही विचारलं तर?"

"विचारेल ते खरं सांगायचं. रडायचं नाही. तुम्ही रडलात तर ती तुम्हालाच सांभाळत बसेल."

प्राचीने पर्स उघडली, फोन काढला. परत ठेवला. परत काढला. "आत्ता घरी असेल," ती स्वतःशीच म्हणाली आणि नंबर लावला. फोनचा आवाज इतका मोठा होता की आम्हाला पलीकडची कोंबड्यांची कलकल ऐकू येत होती. आधी तिची आई बोलली, मग संचिता आली.

"संचू, जेवलीस का?"

"हो."

"संचू, ऐक ना. तू मला सांगितलेलं ना, काकांचं. ते खरं होतं बाळा. मी ऐकलं नाही. माझं चुकलं. तुझं काही चुकलं नाही."

प्राचीने ताईंच्या सांगण्याप्रमाणे आवाज सरळ ठेवला होता. मोकळ्या हाताने तिने बाकाची कड घट्ट धरली होती. पलीकडे कोंबड्या, कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज. पोर गेली की काय असं वाटण्याइतका वेळ गेला.

"आता कशाला?" संचिता म्हणाली.

रागाने नाही. पाहुणा निघताना चहा ठेवू का म्हटलं तर म्हणतात, तसं.

मग फोनवर तिची आजी आली. "काय गं प्राची, काय बोललीस तिला? पोर मागच्या दारी जाऊन बसली."

"काही नाही," प्राची म्हणाली. मग थांबून म्हणाली, "नाही, बोलले. तिला ओरडू नको. तिच्याजवळ जाऊन बस जरा."

शिपायाने आमच्या केसचं नाव पुकारलं. आत जाऊन उभं राहिलो तोवर पुढची तारीख पडली होती. साक्ष झाली नाही.

उतरताना प्राची ताईंच्या बाजूने चालत होती. खालच्या पायरीवर येऊन ती थांबली. तिचे डोळे आता भरले होते, पण फोनवर नव्हते भरले, एवढं तिने केलं.

"उद्या परत करू का फोन?"

"करा."

"उद्या काय बोलू?"

"हेच."

"ती घेईल ना फोन?"

ताई शेवटची पायरी उतरल्या आणि तिच्यासाठी थांबल्या.